शोधप्रबंधाचा साचा : निवड आणि जुळणी



शोधप्रबंध हा विद्यापीठाच्या आवारातील विषय. त्याचा तालुक्याच्या गावाशी आणि ग्रामपंचायतीशी काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी मनात येणे स्वाभाविक आहे. मुदखेडसारख्या गावी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. समजा, येथील एखादा शिक्षक नोकरी सांभाळून तालुक्यातील फुलशेती करणाऱ्या कुटुंबांवर पीएच.डी.साठी संशोधन करीत आहे. तो शिवारात जातो, कुटुंबप्रमुखांकडून प्रश्नावली भरून घेतो, ग्रामपंचायतीचे दप्तर पाहतो, पीकपाहणीच्या नोंदी उतरवून घेतो. शेतकरी कामाचा खाडा करून त्याच्यापाशी बसतो. पंचायतीचा कर्मचारी कपाटातील जुन्या वह्या बाहेर काढून देतो. चार-पाच वर्षांनी प्रबंध पूर्ण होतो, कापडी बांधणीत विद्यापीठाकडे जातो आणि संशोधकास पदवी मिळते.

त्यानंतर त्या प्रबंधाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. गावाच्या पाण्याची, मजुरीची, बाजारभावाची जी माहिती इतक्या कष्टाने गोळा झाली, ती पुढे कोणाला सापडते काय? विकास आराखडा तयार करणाऱ्या अधिकाऱ्याला, दुसऱ्या संशोधकाला, किंवा ज्यांनी माहिती दिली त्या गावकऱ्यांना ती वाचता येते काय? याचे उत्तर प्रबंधाच्या विद्वत्तेवर जितके अवलंबून असते, तितकेच तो कोणत्या साच्यात लिहिला गेला यावरही अवलंबून असते. म्हणूनच, वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटणाऱ्या या विषयाचा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

साचा म्हणजे काय?

संगणकावर ज्याला टेम्प्लेट म्हणतात, त्याला मराठीत साचा म्हणावयास हरकत नाही. साचा ही कल्पना ग्रामीण कारभाराला नवी नाही. गाव नमुना सात-बारा हा साचाच होय. जमिनीचा तुकडा मुदखेडचा असो वा सावंतवाडीचा, भूमापन क्रमांक कोठे पाहावा, भोगवटादाराचे नाव कोठे असेल आणि पिकाची नोंद कोणत्या रकान्यात सापडेल, हे वाचणाऱ्यास आधीच ठाऊक असते. ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, हीदेखील त्याच जातीची. रकाने शासन ठरविते. आत भरावयाचा तपशील गावाचा असतो.

शोधप्रबंधाचा साचा असेच काम करतो. मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, तक्त्यांची सूची, प्रकरणे, संदर्भसूची आणि परिशिष्टे यांचा क्रम तो ठरवून देतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मजकुराचा कोणता भाग काय आहे, हे तो संगणकास सांगतो: ही ओळ प्रकरणाचे शीर्षक आहे, हा परिच्छेद उद्धृत आहे, हे तक्त्याचे नाव आहे. शीर्षक ठळक दिसणे ही एक गोष्ट, आणि ते शीर्षक म्हणून नोंदले जाणे ही दुसरी. पहिली केवळ डोळ्यांसाठी असते. दुसरीच्या आधारे अनुक्रमणिका आपोआप तयार होते, पृष्ठांक आपोआप बदलतात आणि वाचकास हव्या त्या प्रकरणावर थेट जाता येते. चांगला साचा रचना आणि रूप यांची अशी फारकत करतो. साच्याची निवड करताना हीच पहिली कसोटी मानावी.

आधी नियम, मग साचा

पुष्कळ संशोधक प्रथम एखादा देखणा साचा पसंत करतात आणि नियम मागाहून पाहतात. हा क्रम उलटा असावयास हवा. पूर्वीच्या मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ साली त्या वेळच्या औरंगाबाद येथे झाली आणि मुदखेडच्या संशोधकास दीर्घकाळ तिकडची वाट धरावी लागली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आज त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. प्रबंधाचा आकार, समास, प्रतींची संख्या, प्रमाणपत्रांचा मजकूर यांविषयी ज्या विद्यापीठात नोंदणी झाली असेल, त्याचेच चालू परिपत्रक प्रमाण मानले पाहिजे. मित्राच्या पाच वर्षांपूर्वीच्या प्रबंधाची नक्कल हे परिपत्रकाला पर्याय ठरत नाही. मधल्या काळात नियम बदललेले असू शकतात.

विद्यापीठाच्या नियमांवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम असतात. २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील प्रबंध ठेवले जातात आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. २०१८ च्या नियमावलीने वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. दहाच्या वर चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते. योग्य निर्देशासह उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश यांना या मोजणीतून वगळले आहे. साच्यामध्ये उद्धृतांसाठी आणि संदर्भांसाठी स्वतंत्र शैली असेल, तर हे वगळणे सोपे आणि निर्विवाद होते. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे या सर्व कामास सामान्यतः तीन ते सहा वर्षांचा काळ मिळतो. इतका काळ टिकेल असाच साचा निवडणे शहाणपणाचे ठरते.

साधनाची निवड

प्रबंधलेखनाची प्रचलित साधने मुख्यतः तीन आहेत: मायक्रोसॉफ्ट वर्ड, विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस रायटर आणि लाटेक. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली प्रसिद्ध केली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर ‘लाटेक’ उभारले. गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र अशा समीकरणबहुल विषयांत लाटेकला तोड नाही. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांतही ते उत्तम चालते. मात्र ते शिकण्यास काही आठवडे द्यावे लागतात.

निवड करताना केवळ संशोधकाची आवड पाहून भागत नाही. मार्गदर्शक दुरुस्त्या कशावर करतात? ते वर्डच्या फाइलीत शेरे लिहीत असतील आणि संशोधक लाटेकमध्ये लिहीत असेल, तर प्रत्येक प्रकरणाच्या वेळी दोघांनाही त्रास होतो. शेवटची जुळणी संशोधक स्वतः करणार की डीटीपी केंद्रात करून घेणार? डीटीपी चालकास लाटेक अवगत नसल्यास ऐन वेळी अडचण उभी राहते. मार्गदर्शक, संशोधक आणि टंकलेखक या तिघांना ज्यात काम करता येईल, ते साधन योग्य समजावे.

लाटेक निवडणाऱ्या मराठी संशोधकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुनी पीडीएफलाटेक पद्धत युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे थेट जुळवू शकत नाही. त्यासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक या पद्धतीच वापराव्या लागतात. महाजालावर मिळणारे पुष्कळ साचे परदेशी विद्यापीठांनी आपल्या सोयीसाठी केलेले असतात आणि ते पीडीएफलाटेकसाठी लिहिलेले असू शकतात. अमेरिकी साच्यांत कागदाचा आकार ‘लेटर’, म्हणजे २१६ गुणिले २७९ मिलिमीटर असतो. आपल्याकडे ए-४, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर कागद वापरला जातो. हा फरक वेळीच लक्षात न आल्यास छपाईच्या दिवशी समास बिघडतात. शेकडो ओळींच्या अनाकलनीय आज्ञा असलेल्या साच्यापेक्षा लाटेकच्या साध्या ‘बुक’ वर्गावर स्वतः रचलेला, चाळीस-पन्नास ओळींचा आणि प्रत्येक ओळीचा अर्थ ठाऊक असलेला साचा केव्हाही बरा.

टंक आणि संकेत

मराठी प्रबंधाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका टंकाचा, म्हणजे फाँटचा आहे. युनिकोडपूर्व काळातील देवनागरी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. पडद्यावर आणि कागदावर मजकूर शुद्ध मराठी दिसे. संगणकाच्या लेखी मात्र तो निरर्थक रोमन अक्षरांची रांगच असे. तो टंक ज्या यंत्रावर नाही, त्या यंत्रावर पानभर विचित्र खुणा उमटतात. असा प्रबंध भांडारात ठेवला तरी त्यात ‘मुदखेड’ हा शब्द शोधून सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तो शब्द तेथे लिहिलेलाच नसतो. साम्यतपासणीही अशा मजकुरावर खरेपणाने होऊ शकत नाही. गावाने दिलेली माहिती हरवते ती येथे.

मुदखेडकरांना हा प्रश्न रेल्वेच्या उदाहरणाने चटकन उमगेल. मुदखेड हे जंक्शन आहे. येथून एक मार्ग निजामाबादकडे आणि दुसरा किनवट-आदिलाबादकडे जातो. हे मार्ग पूर्वी मीटरगेजचे होते. मुंबईच्या दिशेने जाणाऱ्यास मनमाडला गाडी बदलावी लागे, कारण मीटरगेजचा डबा तेथील रुंद रुळांवर चालू शकत नसे. डब्यात किंवा मालात काही दोष नसे. रुळांचे अंतर जुळत नसे, एवढेच. पुढे मार्ग रुंद झाले तेव्हा जुने रूळ उखडून नवे टाकावे लागले. जुन्या टंकात लिहिलेल्या प्रबंधाची स्थिती तीच आहे. मजकूर मोलाचा असतो, पण तो पुढच्या रुळावर चढत नाही. रूपांतराची साधने मिळतात. परंतु चारशे पानांचे रूपांतर केल्यावर जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार पुन्हा एकेक तपासावे लागतात. पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये लिहिणे हाच सोपा मार्ग होय.

येथे टंकलेखकांची एक रास्त शंका असते. वर्षानुवर्षे रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर ज्यांचा हात बसला आहे, त्यांना युनिकोड म्हणजे नवा कळफलक शिकणे असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कळफलक ही हाताची सवय आहे आणि युनिकोड हा साठवणीचा संकेत आहे. भारतीय भाषांसाठी प्रमाण ठरलेला इन्स्क्रिप्ट कळफलक शिकणे इष्ट असले, तरी रेमिंग्टनच्या मांडणीनेही युनिकोडमध्ये टंकलेखन करता येते.

टंकाची निवड करताना तो युनिकोड असावा, मुक्त परवान्याचा असावा आणि त्यात मराठी वळणाची अक्षरे असावीत. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे टंक उपलब्ध केले आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेल्या ‘शोभिका’ या टंकात देवनागरीबरोबर रोमन लिपीही आहे. संस्कृत अवतरणे किंवा इंग्रजी संदर्भ पुष्कळ असलेल्या प्रबंधास तो सोयीचा पडतो. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये देवनागरी लिपी आणि वर्णमाला यांविषयी निर्णय काढला आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदीतील वळणांहून वेगळे आहेत. कित्येक टंकांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली तरच मराठी वळण उमटते. म्हणून साच्यात भाषेची नोंद करणे ही केवळ औपचारिकता समजू नये.

साच्याची जुळणी

निवडलेला साचा जसाच्या तसा क्वचितच उपयोगी पडतो. तो आपल्या कामास जुळवून घ्यावा लागतो. ही जुळणी पुढील बाबींपुरती मर्यादित ठेवावी.

पहिली बाब समासांची. बांधणीत डावीकडील बराच भाग शिवणीत जातो. परिपत्रकात वेगळे माप नसल्यास डावीकडे पस्तीस ते चाळीस मिलिमीटर जागा सोडणे सोयीचे असते. पाठपोट छपाई असेल, तर ही जागा डावीकडे न धरता आतील बाजूस धरावी लागते.

दुसरी बाब शैलींची. वर्ड आणि रायटर या दोहोंत रोमन अक्षरांचा टंक आणि देवनागरीसारख्या लिपींचा टंक यांची नोंद स्वतंत्र ठिकाणी होते. आकार आणि ठळकपणाही वेगळा नोंदवावा लागतो. पुष्कळांचा गोंधळ येथेच होतो. शैलीतील टंक बदलूनही मराठी मजकूर बदलत नाही, कारण बदल रोमनच्या रकान्यात झालेला असतो. ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या नावाच्या विभागात मराठीचा टंक आणि आकार एकदा नीट भरला की हा प्रश्न कायमचा मिटतो. ओळींमधील अंतर ‘नेमके इतकेच’ असे बांधून ठेवू नये. तसे केल्यास वेलांट्या आणि उकार छाटले जाण्याचा संभव असतो. दीडपट किंवा ‘किमान’ असे अंतर ठेवावे. तिरपी अक्षरे देवनागरीच्या परंपरेत नाहीत. ग्रंथनामांसाठी एकेरी अवतरणचिन्हे पुरेशी होतात.

तिसरी बाब नावांची. परदेशी साच्यातील शब्दांच्या जागी ‘प्रकरण’, ‘अनुक्रमणिका’, ‘तक्ता’, ‘आकृती’, ‘परिशिष्ट’ हे शब्द एकदाच, साच्यातच भरावेत. एका ठिकाणी ‘तक्ता’, दुसऱ्या ठिकाणी ‘सारणी’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘कोष्टक’ असे झाल्यास तक्त्यांची सूची विस्कळीत होते. आकडे देवनागरी ठेवावयाचे की आंतरराष्ट्रीय, हेही आरंभीच ठरवावे. बेरीज-वजाबाकीची मूळ कोष्टके गणनपत्रकात आंतरराष्ट्रीय अंकांत ठेवणे सोयीचे; प्रबंधात मात्र सर्वत्र एकच पद्धत असावी.

चौथी बाब संदर्भांची. ‘संपा.’, ‘अनु.’, ‘आवृत्ती’, ‘पृ.’, ‘व इतर’ हे संक्षेप निश्चित करून त्यांची यादी भिंतीवर लावावी. झोटेरोसारखी विनामूल्य साधने संदर्भ सांभाळण्यास मदत करतात. मात्र अकारविल्हे लावताना त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, तर युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या लगत आहे. मराठीचा क्रम न जाणणारे साधन तो तेथेच बसविते. अखेरची सूची मानवी नजरेखालून गेलीच पाहिजे.

पाचवी बाब परिशिष्टांची, आणि ती पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रबंध आता केवळ ग्रंथालयाच्या कपाटात राहत नाही. तो जगभर उघडा होतो. कर्जाची, आजाराची, घरगुती उत्पन्नाची माहिती ज्या कुटुंबांनी विश्वासाने दिली, त्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक परिशिष्टात छापले जाऊ नयेत. साच्यातील तक्त्यातच नावाचा रकाना नसावा. त्याऐवजी ‘कुटुंब १’, ‘कुटुंब २’ असे क्रमांक असावेत. रकाना असला की तो भरला जातो. म्हणून ही दक्षता लिहिताना घेण्याऐवजी साच्यातच घ्यावी. नावांची मूळ यादी संशोधकाने स्वतःजवळ बंद ठेवावी.

या पाच बाबींपलीकडे साच्याशी खेळत बसू नये. शीर्षकाची रेघ दुहेरी असावी की एकेरी, चौकट गोल असावी की सरळ, यात महिना गेल्याची उदाहरणे विरळा नाहीत. हे काम करताना काहीतरी घडत असल्याचे समाधान मिळते आणि प्रकरण मात्र लिहावयाचे राहून जाते. साच्याच्या जुळणीस फार तर आठ-दहा दिवस द्यावेत आणि त्यानंतर सादरीकरणापर्यंत त्यास हात लावू नये.

दहा पानांची कसोटी

पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी साच्याची परीक्षा घ्यावी. दहा पानांची एक नमुना फाइल तयार करावी. तिच्यात दोन प्रकरणशीर्षके, तीन उपशीर्षके, एक लांब उद्धृत, एक तळटीप, पानापलीकडे जाणारा एक तक्ता, एक नकाशा आणि पाच मराठी-इंग्रजी संदर्भ घालावेत. अनुक्रमणिका आपोआप तयार करावी. मध्येच एक पान वाढवून पृष्ठांक बदलतात की नाही ते पाहावे.

मग तिची पीडीएफ प्रत काढून दुसऱ्याच्या संगणकावर, आणि शक्य तर भ्रमणध्वनीवर, उघडून पाहावी. टंक प्रतीत अंतर्भूत असेल तर मजकूर सर्वत्र सारखा दिसेल. नंतर त्या प्रतीत ‘शिक्षण’, ‘जिल्हा’, ‘सर्वेक्षण’ असे शब्द शोधावेत आणि एक परिच्छेद उचलून दुसऱ्या फाइलीत चिकटवावा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे ही दुबळी ठिकाणे आहेत. युनिकोडमध्ये लिहूनही पीडीएफ करताना अक्षरांचा क्रम कधीकधी बिघडतो आणि दिसावयास ठीक असलेला शब्द शोधल्यावर सापडत नाही. तसे झाल्यास पीडीएफ काढण्याची रीत किंवा टंक बदलून पाहावा. दहा पानांत सापडलेला दोष एका दुपारी दुरुस्त होतो. चारशे पानांत सापडलेला दोष सादरीकरणाची तारीख ओलांडून जातो.

सरतेशेवटी ती दहा पाने छापून मार्गदर्शकांना दाखवावीत आणि विद्यापीठाच्या संबंधित विभागात विचारून घ्यावे. एवढे झाल्यावर मूळ साचा ‘बदलू नये’ अशा नावाने वेगळा जपून ठेवावा, आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या प्रतीवर लिहावे. लिहिलेल्या कामाची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी, हे सांगणे नकोच.

सामूहिक जबाबदारी

येथवर सांगितलेले सर्व काम प्रत्येक संशोधकाने नव्याने करावे, असे मुळीच नाही. महसूल खात्यातील प्रत्येक कर्मचारी स्वतःचा सात-बारा आखीत नाही. महाविद्यालयाच्या प्रत्येक संशोधन केंद्राने विद्यापीठाच्या नियमांबरहुकूम दोन साचे, एक वर्ड किंवा रायटरसाठी आणि एक लाटेकसाठी, तयार करून ठेवावेत. नियम बदलताच ते सुधारावेत आणि त्यांवर सुधारणेची तारीख घालावी. नव्याने नोंदणी झालेल्या संशोधकांना एका दिवसाच्या वर्गात ते समजावून द्यावेत. गावातील डीटीपी चालकांनाही या वर्गास बोलवावे, कारण प्रत्यक्ष जुळणी पुष्कळदा त्यांच्याच हातून होते. जे साचे प्रबंधासाठी होतील, तेच थोड्या फरकाने शाळेच्या प्रकल्प अहवालास, पंचायतीच्या वार्षिक अहवालास आणि कार्यालयीन सर्वेक्षणास उपयोगी पडतील.

पंचायत सदस्यांनीही एक लहानशी प्रथा पाडावी. कोणी संशोधक गावाची माहिती घेण्यास आला, तर त्यास सर्व साहाय्य द्यावे आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याची शोधता येईल अशी युनिकोड प्रत पंचायतीस देण्याचे लेखी आश्वासन घ्यावे. ही मागणी अवाजवी नाही. ज्या गावाच्या नोंदींवर पदवी मिळते, त्या गावाच्या दप्तरात तो ग्रंथ असलाच पाहिजे. विकास आराखड्याच्या चर्चेत मग ‘कोणीतरी पूर्वी अभ्यास केला होता म्हणे’ असे मोघम बोलण्याचे कारण उरणार नाही. पृष्ठ आणि तक्ता उघडून दाखविता येईल.

साचा नीटनेटका आहे एवढ्याने प्रबंध चांगला ठरत नाही, हे निराळे सांगावयास नको. निरीक्षण, तर्क आणि परिश्रम यांची जागा कोणताही साचा घेऊ शकत नाही. परंतु चांगले संशोधन वाईट साच्यात अडकून पडले, तर त्याचा लाभ पदवीपुरताच मर्यादित राहतो. ज्यांचे संशोधन नुकतेच सुरू झाले आहे, त्यांनी या आठवड्यात विद्यापीठाचे चालू परिपत्रक मिळवावे, युनिकोड टंक बसवावा आणि दहा नमुना पानांची कसोटी घ्यावी. ज्यांची निम्मी प्रकरणे जुन्या टंकात लिहून झाली आहेत, त्यांनी उरलेली प्रकरणे युनिकोडमध्ये लिहावीत आणि मागील प्रकरणांचे रूपांतर आजपासून, दररोज पाच पाने या हिशेबाने सुरू करावे. दोनशे पाने चाळीस दिवसांत होतात.